हिस्लॉपच्या नागपुरातील नाताळ

इ. स. १८१७ च्या डिसेंबर महिन्याची चोविसावी तारीख, म्हणजे जिच्या सायंकाळी पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाचा नाताळ लागतो ती तारीख, नागपूरच्या जुम्मा दरवाज्यासमोर रक्तपातात उजाडली. सीताबर्डीच्या टेकडीवरील लढाईला महिना होत आला होता. नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले १६ डिसेंबर रोजी इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांच्या स्वाधीन झाले होते. परंतु शहरात उरलेल्या अरब शिबंदीने हत्यारे ठेवण्यास साफ नकार दिल्यामुळे जनरल डव्हटन याने शहराभोवती मोर्चे लावले, जुम्मा तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या, बाजूचा तो दरवाजा तोफांच्या माऱ्याखाली घेतला आणि चोवीस तारखेस त्यावर हल्ला चढविला. अरबांनी तो हल्ला परतवून लावला. पुढे पुन्हा बोलाचाली होऊन सुरक्षित वाटेची हमी मिळाल्यानंतर ३० तारखेस ते शहराबाहेर पडले, आणि मधला पंचविसावा डिसेंबर फसलेला हल्ला व होऊ घातलेला तह यांच्या दरम्यान तसाच निघून गेला.

डव्हटनच्या फौजेत 'रॉयल स्कॉट्स' या जुन्या स्कॉटिश पलटणीची तुकडी होती, आणि नागपूरचे नाव त्या पलटणीच्या युद्धसन्मानांत पुढे कायमचे दाखल झाले. या तपशिलाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण स्कॉटलंड आणि नागपूर यांचा संबंध त्या तोफांच्या धुरात संपला नाही. धर्माच्या आणि विद्येच्या क्षेत्रांत तो पुढे शतकाहून अधिक काळ टिकला, आणि त्या संबंधामुळेच या शहरातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या नाताळाला एक असा इतिहास लाभला की, तो समजून घेतल्यावाचून त्या सणाचे मोल पुरतेपणी कळत नाही.

नाताळ हा समस्त ख्रिस्ती जगाचा सर्वांत मोठा सण, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. परंतु स्कॉटलंडपुरती ती समजूत कित्येक शतके खरी नव्हती. १५६० साली जॉन नॉक्स प्रभृतींनी तेथे जी धर्मसुधारणा घडवून आणली तिचा मूळ सिद्धान्त असा होता की, पवित्र शास्त्रात ज्या पर्वाची आज्ञा नाही ते पर्व पाळणे हा मनुष्याने ईश्वराच्या उपासनेत केलेला प्रक्षेप होय; आणि येशूच्या जन्मतिथीचा उल्लेख शुभवर्तमानात कोठेच नसल्यामुळे नाताळ, संतांचे दिवस, उपवासकाळ हे सारे एका हुकुमाने रद्द झाले. १६४० साली स्कॉटिश पार्लमेंटने नाताळाची सुटीही कायद्याने काढून घेतली. इंग्लंडात असे निर्बंध आले आणि थोड्याच काळात गेले. स्कॉटलंडात मात्र ते लोकांच्या अंगवळणी पडले, इतके की एडिंबरो-ग्लासगोच्या परिसरात पंचवीस डिसेंबरला दुकाने उघडत, कारखान्यांचे भोंगे वाजत, आणि आनंदोत्सवाचा जो काही वाटा उरला होता तो नववर्षाच्या रात्रीकडे वळला होता. त्या देशात नाताळाचा दिवस सार्वजनिक सुटीचा झाला तो १९५८ साली. म्हणजे भारत स्वतंत्र होऊन अकरा वर्षे लोटली तरी स्कॉटलंडातील कारकून नाताळाच्या दिवशी कचेरीत जाऊन बसत असे, आणि नागपुरातील कारकून मात्र कंपनी सरकारच्या काळापासून त्या दिवशी घरी असे.

१८४३ हे साल या कथेत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लंडनमध्ये चार्ल्स डिकन्स याची नाताळावरील प्रसिद्ध दीर्घकथा बाहेर पडली आणि हेन्री कोल याने नाताळाचे पहिले छापील भेटपत्र काढविले; राणी व्हिक्टोरियाचा पती आल्बर्ट याच्या जर्मन संस्कारांमुळे सजविलेल्या सूचिपर्णी वृक्षाची चाल राजवाड्यातून मध्यमवर्गाच्या घरांत उतरू लागण्याचा काळही हाच. ज्याला आपण आज 'इंग्रजी नाताळ' म्हणून ओळखतो, त्याची घडण अशी त्या दशकात चालली होती. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात एडिंबरो येथे स्कॉटलंडच्या राजमान्य धर्मसंस्थेतून शेकडो पाळक आपली घरे, वेतने व मंदिरे यांवर पाणी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी 'फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड' ही स्वतंत्र मंडळी स्थापिली. एकीकडे सणाचे नवे वैभव आणि दुसरीकडे सणावाचूनच्या धर्माची कडवी निष्ठा अशा या दोन प्रवाहांपैकी नागपूरच्या वाट्याला आधी आला तो दुसरा.

स्टीफन हिस्लॉप हे या फ्री चर्चचे मिशनरी. १८१७ सालीच, म्हणजे सीताबर्डीच्या लढाईच्याच वर्षी, स्कॉटलंडच्या सरहद्दीकडील डन्स या गावी त्यांचा जन्म झाला. १८४४ च्या डिसेंबरात ते मुंबईस उतरले आणि पुढच्या फेब्रुवारीत कामठी-नागपूरकडे आले. त्या वेळी नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी भोसले होते आणि शहर अद्याप खालसा व्हावयाचे होते. हिस्लॉप यांनी १८४६ साली शहरात शाळा काढली, तिच्यात मराठीचे शिक्षण दिले, गोंडांच्या बोली व गाणी टिपून घेतली, नागपूरच्या आसपासच्या खडकांतून प्राचीन वनस्पती व कीटक यांचे अश्मीभूत अवशेष गोळा करून विलायतेतील भूशास्त्रज्ञांस चकित केले; 'हिस्लॉपाइट' हे एका खनिजाचे नाव त्यांच्याच स्मरणार्थ पडले आहे. १८६३ च्या ४ सप्टेंबर रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून परतताना बोरीजवळच्या पूर आलेल्या ओढ्यात ते वाहून गेले, त्या वेळी ते पंचेचाळीस वर्षांचे होते. गोंडादी जमातींवरील त्यांची टिपणे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून छापली, आणि १८८३ साली त्यांच्या शाळेतून जे महाविद्यालय उभे राहिले ते आजही त्यांच्याच नावाने चालते. या शहरात बाहेरून येऊन त्याच्याविषयी इतके अगत्य दाखविणारी माणसे थोडी, आणि त्यांत हिस्लॉप यांचे स्थान फार वरचे आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

परंतु ज्या मंडळीच्या शिस्तीत हिस्लॉप वाढले होते, तिच्या पंचांगात नाताळ नव्हता. रविवारचा प्रभुदिन, बायबलचे वाचन, दीर्घ प्रवचन आणि स्तोत्रसंहितेतील गीतांचे वाद्यावाचून गायन, एवढेच तिचे वैभव होते. दिव्यांची आरास, गव्हाणीची मांडणी, सजविलेला वृक्ष, पक्वान्ने यांपैकी काहीही त्यांच्या मायदेशच्या मंदिरांतून आलेले नव्हते. मग ज्यांच्या पूर्वजांनी याच मिशनच्या शाळेत पहिली अक्षरे गिरविली आणि याच मंडळीत बाप्तिस्मा घेतला, त्या नागपूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत हा सण इतक्या उत्साहाने आला कोठून?

त्याच्या वाटा अनेक आहेत, आणि त्यांतली पहिली कामठीहून येते. १८१६ च्या तहाने भोसल्यांच्या राज्यात तैनाती फौज आली आणि १८२१ साली कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसली. या छावणीतील पलटणी मद्रास इलाख्याच्या असल्यामुळे त्यांच्यासवे आलेले बाजारबुणगे, खानसामे, दुभाषे आणि व्यापारी हे तमिळ व तेलुगू बोलणारे होते, आणि त्यांत पिढ्यानुपिढ्यांची ख्रिस्ती कुटुंबेही होती. १८३३ साली तेथे इंग्रजांच्या राजधर्माचे, म्हणजे अँग्लिकन पंथाचे, मंदिर बांधले गेले. अँग्लिकन पंथाने धर्मसुधारणेनंतरही सणावारांचे चक्र राखले होते. त्यामुळे नाताळच्या दिवशी पलटणीचे संचलन करीत मंदिराकडे जाणे, उपासनेनंतर खाना, दुपारी घोड्यांच्या व पायी शर्यती, आणि शिपायांना सुटी हा छावणीचा ठरलेला कार्यक्रम झाला. नागपूर शहरात सदर भागात ऑल सेंट्स हे अँग्लिकन मंदिर झाले, आणि १९०३ साली नागपूरला स्वतंत्र बिशप नेमला जाऊन आयर चॅटर्टन हे पहिले बिशप झाले, तेव्हा त्या मंदिराला कॅथीड्रलची प्रतिष्ठा लाभली.

१८५३ च्या ११ डिसेंबरला तिसरे रघुजी औरस संततीवाचून निवर्तले आणि पुढल्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, तेव्हा सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतून 'बडा दिन' नावाचा एक निराळाच प्रकार रूढ झाला. या दिवशी साहेबाच्या बंगल्याच्या फाटकाला केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा लागत. त्या साहेबाने सांगितल्या म्हणून नव्हे, तर मंगल दिवशी दार सुने ठेवू नये हा माळी, चपराशी आणि खानसामा यांचा घरचा संस्कार होता म्हणून. सकाळी चढत्या उन्हात डाल्या येऊ लागत. मालगुजार, ठेकेदार, सावकार आणि हाताखालचे अहलकार वेताच्या मोठ्या परड्यांतून आंब्या बहाराची संत्री, पेरू, सुका मेवा, खडीसाखर आणि गुलाबाची फुले पाठवीत, आणि साहेब परडीला नुसता हात लावून ती स्वीकारल्याची खूण करी. या प्रथेआड लाचलुचपतीला वाव मिळतो हे सरकारला कळत होते. म्हणून फुले-फळे यांपलीकडची मौल्यवान भेट घेण्यास नोकरांच्या नियमांत मनाई करावी लागली. जे अंमलदार डिसेंबरात दौऱ्यावर असत ते सातपुड्याच्या जंगलात तंबूंतच नाताळ करीत, आणि विलायतेत ज्या पक्ष्याचे मांस त्या दिवशी खावयाचे तो येथे मिळत नसल्यामुळे मोराची शिकार होई. या सगळ्यात धर्म थोडा आणि दरबारी रीत पुष्कळ होती; नागपूरच्या बहुसंख्य रहिवाशांना मात्र अनेक दशके नाताळ म्हणून जे दिसले ते हेच.

दुसरी वाट फार वेगळ्या मुलुखातून येते. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी सॅव्हॉय नावाचा प्रांत आहे. त्यातील अनेसी या शहरी पीटर मेर्मिए या धर्मगुरूने १८३८ साली संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने एक मिशनरी संघ काढला, आणि १८४६ पासून त्या संघाचे कॅथलिक धर्मगुरू विशाखापट्टणमच्या बाजूने हिंदुस्थानात कार्य करू लागले. नागपूर आणि कामठी त्यांच्याच अखत्यारीत होती. सदरमध्ये त्यांनी १८७० साली संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाची शाळा काढली. १८८७ मध्ये नागपूर हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत होऊन अलेक्सिस रिकाझ हे त्याचे पहिले बिशप झाले, आणि १९५३ साली त्या पीठाला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. कॅथलिक परंपरेत नाताळाचा आत्मा डोळ्यांनी पाहावयाच्या गोष्टींत आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने खरा बैल आणि खरे गाढव उभे करून गव्हाणीचा देखावा मांडला, तेव्हापासून मध्यरात्रीची मिस्सा आणि गव्हाणी यांची जोडी जगभर गेली. आणि नागपुरातही गवत, शेण-माती, कागदाचे डोंगर व आरशाचे तळे यांनी सजलेले हे गोठे दरवर्षी उभे राहू लागले. गोकुळाष्टमीला गोकुळाची मांडणी करणाऱ्या मराठी डोळ्यांना हे दृश्य परके वाटण्याचे कारणच नव्हते.

१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरास पोचली आणि १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तेव्हा अजनी आणि मोतीबाग या वसाहतींतून अँग्लो-इंडियन गार्ड, ड्रायव्हर व तारमास्तर यांची, आणि त्यांच्याबरोबर गोव्याकडच्या वादक व आचारी मंडळींची घरे झाली. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटातील नाताळाचा नाच, मनुका आणि साखरेच्या पाकाने काळसर झालेला केक, पिठाच्या वळकट्या तळून केलेले कुलकुल आणि साचा पिठात बुडवून तळलेली फुले ही या लोकांची देणगी.

येथे किंचित आडवाटेला जाणे मला आवश्यक वाटते, कारण नागपुरातील नाताळाची कथा ख्रिस्ती समाजापुरती सांगितली तर ती अर्धीच राहील. इंग्रजी अमलात कोर्ट-कचेऱ्या, शाळा आणि महाविद्यालये यांना नाताळापासून नववर्षापर्यंत सुटी असे आणि त्या आठवड्यात रेल्वे सवलतीचे भाडे आकारी. वकील, अध्यापक आणि सरकारी नोकर यांना दूरचा प्रवास साधावयाचा तर याच दिवसांत. म्हणून राष्ट्रीय सभेची, म्हणजे काँग्रेसची, अधिवेशने १८८५ च्या पहिल्या अधिवेशनापासून नाताळाच्या सुटीत भरू लागली. १८९१ च्या डिसेंबरात पी. आनंद चार्लू यांच्या अध्यक्षतेखाली हे अधिवेशन नागपुरास भरले. १९०७ चे अधिवेशनही येथेच व्हावयाचे होते. जहाल-मवाळांच्या वादामुळे ते सुरतेस नेण्यात आले आणि तेथे नाताळाच्याच आठवड्यात ती सभा उधळली. पुढे १९२० साली, लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर पाच महिन्यांच्या आत, २६ डिसेंबर रोजी सी. विजयराघवाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नागपूरचे ते इतिहासप्रसिद्ध अधिवेशन सुरू झाले. जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष होते. चौदा हजारांवर प्रतिनिधी जमले. असहकाराचा ठराव कायम झाला, काँग्रेसच्या प्रांतिक समित्या भाषावार करण्याचे ठरले, आणि महंमदअली जिना यांनी याच मंडपात विरोधाचे भाषण करून काँग्रेसचा मार्ग सोडला. १९३८ च्या डिसेंबरअखेर हिंदुमहासभेचे अधिवेशनही वि. दा. सावरकरांच्या अध्यक्षतेखाली येथेच झाले. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ या दिवशी, व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केले त्या मुहूर्तावर, सुरू झाली होती, तीही याच सुटीच्या सप्ताहाच्या शेवटी. ज्या सत्तेने आपल्या धर्मपर्वासाठी ही सुटी दिली, त्या सत्तेशी असहकार करण्याचा निर्णय त्याच सुटीत व्हावा, हा योग नागपूरच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

आता मूळ वाटेवर येतो. मराठी ख्रिस्ती माणसाचा नाताळ घडविण्यात सर्वांत मोठा वाटा मराठी भाषेचा आहे, असे माझे मत आहे. गोव्यात राशोल येथे फादर टॉमस स्टीफन्स याने १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त येशूचा जन्म मराठी ओवीत आलेला होताच. परंतु ते पुराण पश्चिम किनाऱ्यावरील कॅथलिकांपुरते राहिले, आणि देशावरच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत कित्येक वर्षे इंग्रजी चालींवर बसविलेली मराठी गीते म्हटली जात. त्या गीतांचे शब्द मराठी असले तरी त्यांचा ताल मराठी जिभेला अवघड जाई. हा अडसर ज्यांनी दूर केला त्यांतील अग्रणी रेव्हरंड नारायण वामन टिळक, आणि त्यांच्या जीवनाला वळण लागले ते नागपूरच्या मुक्कामात. १८९० नंतरच्या वर्षांत ते नागपूरचे धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असता त्यांच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. काव्य आणि धर्म यांवर संभाषण झाले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १८९५ च्या १० फेब्रुवारीस टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई टिळकांनी या साऱ्या प्रकरणाची हकीकत 'स्मृतिचित्रां'त ज्या निर्मळ मनाने सांगितली आहे तिची सर मराठी आत्मचरित्रांत क्वचितच कोणाला येईल. टिळकांनी अभंग, पदे आणि भजने रचून ख्रिस्ती उपासनेत वारकरी परंपरेचा सूर आणला. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी टाळ-मृदंगांसह ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा उभी केली. आणि ही गीते 'उपासना संगीत' या गीतसंग्रहाच्या द्वारे मराठी मंडळ्यांत सर्वत्र गेली, तशी नागपुरातही आली. टिळकांनी आरंभिलेले आणि १९१९ साली त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी वृद्धापकाळी पुरे करीत आणले, आणि त्यांच्या पश्चात १९३८ साली ते प्रसिद्ध झाले. येशूचा जन्म मराठीत पुन्हा एकदा ओवीबद्ध झाला तो असा, आणि त्या कवीच्या आयुष्याला कलाटणी देणारा प्रवास नागपूरच्या स्टेशनावरून सुरू झाला होता, याचा या शहराला अभिमान वाटावा असे मला मनापासून वाटते.

मराठी ख्रिस्ती घरांतील नाताळ पाहावयाचा तर सदर, मोहननगर, मेकोसाबाग या वस्त्यांतून डिसेंबरच्या मध्यापासून हिंडावे. घराला रंगसफेती झालेली असते. दाराशी बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद ताणून केलेली चांदणी टांगलेली असते आणि तिच्यात दिवा असतो. स्वयंपाकघरात करंज्या, शंकरपाळे, चकल्या, बेसनाचे आणि रव्याचे लाडू, अनारसे यांचे घाणे चाललेले असतात. केकसुद्धा होतो, घरी कालवलेले मिश्रण डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर नेण्याची, आपल्या डब्यावर खूण करण्याची आणि भट्टीपाशी आपली पाळी येईपर्यंत ताटकळण्याची चाल अनेक वर्षांची आहे. परंतु शेजाऱ्याकडे जे ताट विणलेल्या रुमालाखाली झाकून जाते, त्यात मान करंजीचा. दिवाळीला शेजारच्या हिंदू घरातून आलेले ताट रिकामे परत करावयाचे नसते, आणि त्याची फेड नाताळात होते. या एका देवघेवीने दोन धर्मांच्या घरांना जितके जवळ आणले तितके कोणत्याही सभेने आणले नसेल. हे सारे पदार्थ स्कॉटलंडहून आले नाहीत, अनेसीहून आले नाहीत, कामठीच्या छावणीतूनही आले नाहीत. धर्म बदलला तरी आजीच्या हाताची करंजी बदलली नाही, आणि नव्या धर्मात जो आनंदाचा दिवस सापडला त्या दिवसाला तिने ती वाहिली.

मंडळीच्या तरुणांचे गायनपथक रात्री घरोघर फेरीला निघते. पेटी, ढोलक, खंजिरी आणि डफ यांच्या साथीवर मराठी नाताळगीते चालतात, मधूनच एखादे हिंदी, मधूनच एखादे इंग्रजी. नागपूर हे मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने वावरणारे शहर असल्यामुळे या मिश्रणाचे येथे कोणाला नवल वाटत नाही. घरधनी त्यांना आत बोलावतो, पाळक किंवा वडीलधारा मनुष्य प्रार्थना करतो, आणि चहा-फराळ झाल्यावर पथक पुढच्या घरी जाते. कॅथलिक कुटुंबे मध्यरात्रीच्या मिस्सेला जातात. प्रोटेस्टंट कुटुंबांत पंचवीस तारखेच्या सकाळची भक्ती मुख्य असते, आणि तिला नवे लुगडे, नवा सदरा घातल्यावाचून जावयाचे नाही असा दंडक. दुपारी लहान मुलांची नाटिका होते. त्यात मेंढपाळांच्या डोक्यावर वऱ्हाडी पद्धतीचे फेटे आणि अंगावर घोंगड्या दिसतात, आणि बेथलेहेमच्या माळावरचे ते धनगर आपल्याच मुलखातले वाटू लागतात. एकतीस डिसेंबरच्या रात्री वर्ष सरताना पुन्हा भक्तीला जमावयाचे असते. वर्षाच्या संधीवरील या रात्रीचे महत्त्व मात्र स्कॉटिश मिशनरींनाही परके वाटले नसते.

स्कॉटिश मिशनची मंडळी १९२४ साली स्थापन झालेल्या 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया'त सामील झाली होती आणि अँग्लिकन मंडळी आपल्या बिशपाच्या छत्राखाली निराळी होती. एकाच शहरात, एकाच भाषेत, कित्येकदा एकाच आळीत राहणाऱ्या या मंडळ्यांचे प्रभुभोजन वेगळे आणि शिस्त वेगळी होती. हा भेद मराठी माणसाने निर्माण केलेला नव्हता. सोळाव्या-सतराव्या शतकांतील लंडन व एडिंबरो यांच्या कलहांतून तो इकडे जसाच्या तसा आला होता, आणि तो येथे कायम ठेवण्यात काय पुरुषार्थ आहे असे विचारणारे हिंदी ख्रिस्ती पुढारी विसाव्या शतकाच्या आरंभापासून निघू लागले होते. १९२९ पासून उत्तर हिंदुस्थानातील पंथांच्या ऐक्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या. बिशप असावा की नसावा, बालकांना बाप्तिस्मा द्यावा की प्रौढांनाच, अशा एकेका प्रश्नावर वर्षे गेली. अखेरीस १९७० च्या २९ नोव्हेंबर रोजी नागपुरातच, ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात, अँग्लिकन मंडळी, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांची युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन शाखांचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. त्यामुळे मेकोसाबागेतील मेथडिस्ट मंडळी आजही स्वतंत्र आहे, आणि कॅथलिकांचा तर या ऐक्याशी संबंधच नव्हता.

२९ नोव्हेंबर १९७० हा रविवार होता, आणि ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे तो आगमनकाळाचा पहिला रविवार, म्हणजे नाताळाच्या तयारीचा आरंभ. हिस्लॉप यांच्या मृत्यूला त्या वेळी एकशे सात वर्षे झाली होती. त्यांच्या मंडळीचे मराठी वारस आणि कामठीच्या पलटणींबरोबर आलेल्या पंथाचे वारस सव्वीस दिवसांनी एकाच धर्मसंस्थेचे सभासद म्हणून नाताळच्या भक्तीला बसले.